ठमीची ओटी

नारळ पदरात पडला आणि ती बाई हसली, तेव्हा चंद्रकलेला दिसलं की तिचे पुढचे दात धड आहेत. वरचे दोन्ही, एकमेकांना चिकटून उभे. ओटीचे तांदूळ चंद्रकलेच्या ओंजळीत तसेच राहिले. मांडवात टाळ्या वाजत होत्या, कल्याणहून आणलेला फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोकं खुपसून "हलू नका बाई, अशाच राहा" म्हणून ओरडत होता, आणि चंद्रकला तशीच राहिली होती. जिची म्हणून ती ही ओटी भरत होती त्या ठमीला वरचा एक दात नव्हता. लहानपणी करवंदं काढताना दगडावर पडली तेव्हा गेलेला. हसली की त्या फटीतून जिभेचं टोक दिसायचं. ते दिसू नये म्हणून ती तोंडाला पदर लावायची, लगेच विसरायची आणि पुन्हा हसायची. सुयांनी अंगावर मांस चढतं, गाल भरतात, ओळखू येऊ नये इतकी बाई बदलते, असं डॉक्टरांनी चंद्रकलेला सांगितलं होतं. त्यामुळे सकाळी नामा कंपाउंडरनं डोक्यावरून पदर ओढलेल्या त्या बाईला मांडवात आणून बसवलं, तेव्हा किती बदलली गो ही, असंच तिच्या मनात आलं होतं. पण दात? दात परत उगवत नाही.

"वत ना गो बाय," ती बाई ओठांतल्या ओठांत म्हणाली. "समदी बगतात."

चंद्रकलेनं तांदूळ ओतले. हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं. बोट कपाळावर टेकलं आणि ते कपाळ तापलेलं होतं. मांडवाच्या त्या टोकाला डॉक्टर उभे होते, हात पाठीमागे बांधून, मंडळाच्या लोकांपुढे ते नेहमी उभे राहत तसे. ते तिच्याकडे बघत होते. ती दात बघत होती हे ते बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या शेठजींना काहीतरी सांगायला लागले.

मांडव मुरबाडच्या दवाखान्यापुढे दर मार्गशीर्षात पडायचा. दवाखाना तिच्या नवऱ्याचा, डॉक्टर पेठ्यांचा, पण क्षयाची औषधं मुंबईच्या एका साहाय्यक मंडळाची. मंडळ सुयांच्या पेट्या पाठवी, डॉक्टर त्या टोचत, आणि वर्षातून एकदा मंडळाची माणसं मोटारीनं येऊन बऱ्या झालेल्या रोग्यांना नारळ देत. मंडळाला पैसे देणारे कापडबाजारातले शेठ लोक; आपल्या पैशानं उठून बसलेलं माणूस त्यांना डोळ्यांनी बघायचं असे. बायकांच्या हातात नुसता नारळ काय द्यायचा, त्यांची ओटी भरू या, ही कल्पना चंद्रकलेची. पहिल्या वर्षी तिनं ती भीतभीत मांडली होती. मंडळाच्या चिटणीस मालूताई; त्यांनी तिला सगळ्यांदेखत जवळ घेतलं होतं. "आम्ही औषध देतो, चंदू, पण त्याला देवपण तू आणलंस." तेव्हापासून ओटी तिच्या हातची. ती भरताना ती प्रत्येकीचं नाव घेई आणि मनातल्या मनात देवीला सांगे, ही तुझी, हिला सांभाळ. आज तिनं ठमीचं नाव घेतलं होतं. चांगलं ठसठशीत घेतलं होतं, मालूताईंना ऐकू जावं म्हणून.

आता नाव कुठे जाऊन पोचलं असेल?

ठमी आली ती उन्हाळ्यात. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरून सावळ्या, तिचा नवरा, तिला पाठंगुळी घेऊन धसईपर्यंत चालत आला होता आणि तिथून एस्‌टीनं मुरबाडला. कंडक्टर तिला चढू देईना, खोकते म्हणून. सावळ्या गाडीच्या पुढे आडवा पडला तेव्हा घेतलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिला ठेवलं, आणि दोन वेळची पेज द्यायची ती चंद्रकलेनं. सुरुवातीला ती वरून ओतायची, भांड्याला भांडं न लावता, कारण तिची पूजा व्हायची असे. एकदा ठमीचा हात लटपटला, पेज सांडायला लागली, तशी चंद्रकलेनं तिचा हात वाडग्यासकट धरला. मग परत विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेतलं. ठमी खिडकीतून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "माज्यामुळं दोनदा न्हालीस गो बाय. उन्हाळ्याचं बरंय, थंडीत नको धरू माजा हात." आणि हसली, ती फट दाखवत. चंद्रकलेला रागवावं की रडावं ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं आधी पेज दिली आणि मग आंघोळ केली. एवढंच तिला सुचलं.

त्याच आठवड्यात तिनं गूळ सोडला. तिची व्रतं अशीच असत, कुणाला न सांगता धरलेली. सकाळी दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, शनिवारी मीठ नाही, मार्गशीर्षातले गुरुवार. त्यांत हे एक. ठमी पुरती बरी होईपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही. डॉक्टरांना चहा गुळाचा लागे. त्यांना करून देताना तिची जीभ नुसत्या वासानं ओली व्हायची. त्यांनी ओळखलं. "आता कुणासाठी?" त्यांनी विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं तेव्हा ते हसले नव्हते. ते तिच्या व्रतांना कधीच हसले नव्हते. लग्न होऊन शहापूरहून मुरबाडला आली तेव्हा तिनं सगळ्यात आधी पाहिलं ते हेच, आणि त्यावर तिनं आपलं सगळं बेतलं.

पाऊस आला. पुण्याला धरण फुटलं तोच पाऊस. मुरबाडची वाट कुठे कुठे बंद पडली. ठमीला जरा उतार पडला होता म्हणून तिला वाडीवर पाठवली आणि धसईच्या बाजाराला नामा सुया घेऊन जाईल, तिनं तिथं यायचं, असं ठरलं. पुढे चंद्रकलेला ती दिसली नाही. खबर मिळे ती डॉक्टरांकडून. बरी आहे. खोकला कमी आहे. आणि गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी, ती पुरण शिजवत असताना, ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी ठमी बरी झाली. उद्या गौरींबरोबर तूही पुरण खा." ती किती तरी वेळ चुलीशी बसून होती, पुरण खाली लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी गौरी जेवल्या आणि तिनं पोळीचा तुकडा तोंडात घातला. इतकं गोड तिला कधी काही लागलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. शेठमंडळी देवळाकडे निघाली, मोटारीचा धुरळा मांडवावर बसला. चंद्रकला तबक घेऊन आत जायची ती मागच्या बाजूला गेली. तिथं आंब्याखाली नामा त्या बाईला घाई करत होता. "चल गो, धसईची गाडी सुटंल. नारळ मिळाला ना? खण मिळाला ना?" आणि ती बाई झाडाला हात लावून वाकून खोकत होती. तो खोकला चंद्रकलेला माहीत होता. रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा. मागच्या खोलीच्या भिंतीतून तो तिनं उन्हाळाभर ऐकला होता.

"तू कोण गो?" तिनं विचारलं.

"वैनी, तुमी आत जा," नामा म्हणाला. त्यानं टोपी काढली, परत घातली. "डाक्टर बगतील काय ते."

"मी मंगळी," ती बाई म्हणाली. "ठमीची भईन. धाकली."

"आणि ठमी?"

मंगळीनं नामाकडे पाहिलं, मग चंद्रकलेकडे. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "तुला ठावं नाय? ती गेली ना. सरावनात. समद्यांना ठावं हाय."

समद्यांना ठावं हाय. चंद्रकलेनं तबक खाली ठेवलं.

"ह्यो नामा आला वाडीवर," मंगळी सांगत होती. "बोलला, चल दवाखान्यात, तुजा खोकला दावू. मना वाटलं सुई देतील. तं नारळ दिला." तिनं ओटीतला नारळ बाहेर काढला आणि हसली, ओशाळल्यासारखी, जणू चूक तिचीच. "ह्यो माजा नाय ना बाय? तू तिचं नाव घेतलंस. मी कसा खाऊ?"

"थांब," चंद्रकला म्हणाली. "गाडी जाऊ दे. तू जायची नाहीस."

शहापूरचं घर तिला आठवलं, ते नेमकं आत्ता का ते तिला ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही ते आवरता येईना. आई आजारी होती आणि मग एक दिवस घरात नव्हती. आई मामाकडे गेलीय, वडील म्हणाले. शेजारची काकू म्हणाली, मामाकडे. भारंगी नदीच्या काठी धुणं धुणाऱ्या बायका तिला बघून गप्प व्हायच्या आणि मग उगाच तिच्या वेणीचं कौतुक करायच्या. ती रोज आपल्या वाटणीच्या गुळातला खडा आईसाठी कोनाड्यात ठेवायची. मुंग्या लागायच्या; ती मुंग्या झाडायची. कुणी तिला सांगितलं नाही. सगळे चांगलेच होते, तिला जपत होते. एके दिवशी कोनाडा कुणीतरी पुसून काढला, आणि त्या स्वच्छ कोनाड्यानं तिला जे सांगायचं ते सांगितलं. तेव्हापासून तिला आईच्या जाण्याचं दुःख होतं की नाही हे तिला धड आठवत नसे. आठवे ते हे, की सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव आपल्याला गूळ ठेवताना बघत होतं.

डॉक्टर तपासणीच्या खोलीत हात धूत होते. साबण फार वेळ चोळत होते.

"ठमी गेली," ती म्हणाली.

"हो."

"ते मला माहीत नसताना मी पुरण खाल्लं."

त्यांनी हात पुसले. टॉवेल नीट घडी करून खिळ्याला अडकवला. "तू वाळत चालली होतीस, चंद्रे. पाऊस, तुझे उपास, त्यात तो गूळ. ती गेल्याचं कळलं तर तू आणखी काहीतरी धरणार, मला माहीत होतं. बघवेना. म्हणून सांगितलं." ते थांबले. "तेवढंच करायचं होतं. मग मंडळाकडे कळवायची वेळ आली. तुला एक सांगितलेलं, त्यांना दुसरं कसं सांगू? मालूताई तुझ्याशी बोलतात."

"माझ्यामुळे, म्हणजे."

"तसं नाही." त्यांचा आवाज चढला नाही, तो कधी चढत नसे. "ज्या डॉक्टरनं माणसं दगावल्याचं कळवलं त्याची पेटी त्यांनी बंद केली. शेजारच्या तालुक्यातलाच, माझ्या वर्गातला. माझीही बंद झाली तर इथं सुईच नाही. एका मेलेल्या बाईचं नाव लावलं म्हणून दहा जिवंत माणसांना औषध मिळतं. मी हिशेब केला."

"मंगळीला खोकला आहे. कपाळ तापलंय."

"ऐकला." ते खिडकीकडे वळले. "पण तिचा फोटो निघालाय. बरी झालेली ठमी म्हणून. त्याच तोंडाला मी आता रोगी म्हणून कसा दाखवू? मंडळाची पेटी रोग्याच्या नावावर येते. पुढच्या वर्षी बघू, लोक विसरतात."

"आणि तोवर भट्टीवर?" वाडीवरची माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर निघायच्या बेतात होती, दरवर्षीसारखी. धुरात. पाऊस येईपर्यंत.

हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं असं नाही, हे तिला त्यांच्या मानेवरून दिसलं. धरलं होतं आणि खोडलं होतं. आणि तिच्या मनात आलं, या माणसाच्या हातचं मी पाणी प्यायले, औषध प्यायले, याच्या तोंडून आलेलं मी देवासमोर नेऊन ठेवलं. आता यातलं कुठलं कुठलं परत आणायचं?

मालूताई तुळशीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. दरवर्षी त्या मागे थांबत, चंद्रकलेच्या गुरुवारचा प्रसाद घेत, आणि शेठमंडळींची मोटार परत आली की जात. खादीचं पांढरं लुगडं, चष्मा, पायांत साध्या चपला. गेल्या वर्षी त्यांनी चंद्रकलेला चांदीचं निरांजन दिलं होतं. माझ्या आईचं, म्हणाल्या होत्या, माझ्याकडे कोण लावणार, तू लाव. रोज तेच लागत होतं.

"मालूताई, मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"नको सांगू."

चंद्रकला थबकली.

"बस," मालूताई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो हात मऊ होता. "गेल्या वर्षीही एक गृहस्थ होते, दुसऱ्याच कुणाच्या नावावर नारळ घेतलेले. मला माणसं ओळखता येतात गं. पण तू सांगितलंस की मग मला ते माहीत आहे असं होतं. मग मला ते शेठजींना सांगावं लागतं. मग ते पैसे शाळेला देतात, गोशाळेला देतात. क्षयरोग्यांना द्यायला कुणी रांग लावून उभं नाही. मी काय करू?"

"तुम्हाला माहीत होतं."

"तुझ्या हातची ओटी पाहिली की कुणी काही विचारत नाही, चंदू. तुझ्या तोंडावर ते दिसतं. खरेपणा. डॉक्टरांनाही ते कळतं, म्हणून तर..." त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी तिचा हात थोपटला.

म्हणून तर. चंद्रकला त्या दोन शब्दांत उभी राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट दिसेना. म्हणजे मांडवात एकच खरी गोष्ट होती, ती स्वतः, आणि म्हणूनच तिला तिथं उभी केली होती. दुकानदार सडक्या फळांच्या टोपलीत वर एक चांगलं फळ ठेवतो तशी. तिचे उपास, तिचा दिवा, ती जे नाव घेऊन देवीला सांगायची ते. नामाला माहीत होतं, यांना माहीत होतं, मालूताईंना माहीत होतं. एकमेकांना माहीत आहे हेही माहीत होतं, तरी डॉक्टर आणि मालूताई मांडवात एकमेकांना नमस्कार करत होते, आणि नमस्काराला लागणारं हळदकुंकू ती नेऊन देत होती. त्यांचं एकमेकांशी खोटं बोलणं तिला कळू शकत होतं. औषध देणाऱ्याला औषध टोचणाऱ्याची भीती, टोचणाऱ्याला देणाऱ्याची. पण त्या भीतीवर झाकण म्हणून आपण? तिला रडायला यायला हवं होतं. आलं ते फक्त एवढं, की चूल पेटवायची वेळ झाली.

तिनं स्वयंपाक केला. भात, वरण, अळूची भाजी, नैवेद्याला गुळाची तांदळाची खीर. वेलदोडा सोलताना तिचे हात नेहमीसारखे चालले. दिवेलागणीला तिनं कलश मांडला, पोथी वाचली. आज आवाज थोडा हळू लागला एवढंच. निरांजन तिनं साधं लावलं, पितळेचं. मालूताईंच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. माजघरात तिनं पाट मांडले. डॉक्टरांचा, मालूताईंचा, आणि त्यांच्या समोर आणखी एक. पानं वाढली. डॉक्टर बसले. तिसऱ्या पाटाकडे बघून त्यांना वाटलं असेल तिचाच असावा. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, तळहातावरचं पाणी पिऊन आपोष्णी घेतली. ती तेवढ्याचीच वाट बघत होती. आपोष्णी घेतलेलं माणूस पानावरून उठत नाही. या घरात नाही, आजच्या दिवशी तर नाहीच. मालूताईंनी पहिला घास घेतला. मग ती मागच्या दारी गेली.

मंगळी ओसरीच्या कडेला पोतं अंथरून बसली होती. "चल," चंद्रकला म्हणाली.

"आत?"

"आत."

उंबरठ्यापाशी दोघीही अडल्या. मंगळीला वाटत होतं आपण ओलांडू नये. आणि चंद्रकलेचा पाय, तिनं सगळं ठरवलेलं असूनही, तिच्या आधी थांबला. मग सारवावं लागेल सगळं, तिच्या मनात आलंच. ते आलं याची तिला लाज वाटली, पण ते आलं. तिनं मंगळीचं मनगट धरलं, ठमीचं धरलं होतं तसंच, आणि तिला माजघरातून नेऊन तिसऱ्या पाटावर बसवलं, भिंतीच्या झरोक्याखाली, जरा अंतरानं.

"ही मंगळी," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. ऐकायला माणसाला थांबावं लागे. ती दोघं थांबली. "ठमीची धाकटी बहीण. ठमी श्रावणात वारली. सकाळी मी जिची ओटी भरली ती ही. हिला तोच खोकला आहे."

डॉक्टरांचा हात भातावर तसाच राहिला. "चंद्रे, पाहुणे जेवतायत."

"चंदू, हे आत्ता कशाला," मालूताई म्हणाल्या.

"आता मी सांगितलंय, मालूताई. आता तुम्हाला माहीत आहे असं झालं."

डॉक्टरांनी पाटावरून अंग उचललं. "पानावरून उठू नये," ती म्हणाली, आणि ते परत बसले. इतकी वर्षं ती त्यांचं ऐकत आली होती. त्यांनाही तिचं ऐकायची सवय असावी, वेगळ्या गोष्टींत. वरणावर साय धरायला लागली. मंगळीनं भाताला हात लावला नव्हता. बोटांनी ती पानाची कड मोडत होती आणि एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होती. चंद्रकलेला वाटलं, हे आता असंच राहील, सगळे भाताकडे बघत राहतील आणि मोटार येईल.

"का गेली?" मालूताईंनी विचारलं. त्या पानाकडेच बघत होत्या.

"सुया लागू पडत नव्हत्या," डॉक्टर म्हणाले. "पावसाळ्यातल्या. तिलाच नाही. आणखी दोघं गेले. मला वाटलं, ही माणसं बाजार चुकवतात, अर्ध्यावर सोडतात. ती सोडतातच."

"नाय डाक्टर," मंगळी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. आपण बोललो याची तिची तिलाच भीती वाटली, पण ती थांबली नाही. "ती येकबी बाजार चुकली नाय. पान्यात मी पाठीवर आनायची तिला. नामा टोचायचा. इचारा नामाला."

मालूताईंनी घास पानात ठेवला. चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला. "पावसाळ्यातली पेटी," त्या म्हणाल्या. "ती जुनी होती. एका दुकानदारानं देणगी म्हणून दिलेली. उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडून होती. मुदत संपत आली होती. ताजी घ्यायला मंडळाकडे काही नव्हतं. मला वाटलं, नसण्यापेक्षा बरी."

"मला का नाही कळवलंत?" डॉक्टरांचा आवाज चढला. चंद्रकलेनं तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "मी तीच टोचत बसलो! मला माहीत असतं तर मी कल्याणहून उधार आणल्या असत्या, लोकांना इथं आणून ठेवलं असतं..."

"तुम्ही का नाही कळवलंत माणसं जातायत म्हणून? तुमचे सगळे बरे! दरखेपेला सगळे बरे! मला वाटलं जुनीसुद्धा लागू पडतेय. मी तीच दुसरीकडेही पाठवली, डॉक्टर. तुमच्या भरवशावर पाठवली."

"तुम्ही पेटी बंद केली असतीत."

"केली असती," मालूताई म्हणाल्या. मग, "कदाचित केली असती."

त्यानंतर ती दोघं भांडली. जेवताना कुणी भांडू नये तशी, उष्ट्या हातांनी, एकमेकांना तोडत. कोण कुणापासून काय लपवत आलं ते एकेक निघायला लागलं आणि ते ऐकताना चंद्रकलेला खोल विहिरीतून गाळ काढताना येतो तसा वास येत होता. पण मधूनच त्यात दुसरं काही येऊ लागलं. मोटारीत एक पेटी आहे, ती ताजी आहे, ती मी ठेवून जाते. आधी हिची थुंकी तपासू. भट्टीवर जाणार असेल तर तिथं सुई कोण देणार? नामा जाईल का? आणि शेठजींना फोटोचं काय सांगायचं? सांगते मी, मालूताई म्हणाल्या, ओरडतील, ओरडू देत. पण मग तुम्हीही गेलेल्यांची नावं मला कळवायची, दर महिन्याला, माझी भीती वाटली तरी. आणि तुम्ही पेटी कुठून आली ते कळवायचं, डॉक्टर म्हणाले. ते एकमेकांकडे बघत नव्हते. दोघांचेही चेहरे आजाऱ्यासारखे झाले होते. पण बोलत होते, आणि जिच्याविषयी बोलत होते ती समोर बसून हळूहळू भात खायला लागली होती.

हे चांगलं आहे, चंद्रकलेला कळत होतं. मंगळीला सुई मिळेल. याच्यासाठीच तर तिनं पाट मांडला. आणि तरी तिच्या आत जिथं हा माणूस इतकी वर्षं बसलेला होता तिथं आता नुसता पुसलेला कोनाडा होता. तो राग नव्हता. रागाला धरायला काहीतरी लागतं.

"तू बस ना गं," मालूताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझा उपास सुटायचाय."

तिनं आपलं पान घेतलं आणि मंगळीच्या शेजारी बसली. भात घेतला, वरण घेतलं. खिरीचं पातेलं सगळ्यांना फिरवलं. मंगळीला दोन पळ्या वाढल्या. मग झाकण ठेवलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "तू घेतली नाहीस," ते म्हणाले. आवाज पुन्हा त्यांचा नेहमीचा झाला होता, मऊ, काळजीचा. तिला तो कधी काळी किती आवडे! "चंद्रे, नको. पुन्हा नको. ही बरी होईल, मी सांगतो तुला."

"गूळ सोडलाय, ही बरी होईपर्यंत," ती म्हणाली. "आणि ती बरी झाली की तुम्ही मला सांगू नका. मी वाडीवर जाऊन माझी मी बघेन."

त्यांनी मान खाली घातली. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला, एकदा, मग पुन्हा. मंगळी वाटीतली खीर बोटानं निपटून घेत होती. पानावरून अजून कुणी उठलं नव्हतं.